देश बदलले, घराणी टिकली

पश्चिम सर्बियात द्रिना नदीच्या काठी बायिना बाश्ता हे एक लहानसं गाव आहे. तिथल्या मिलुतिनोविच कुटुंबातले मिलोश, मिलोराद आणि बोरा हे तीन भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आईवडिलांना मुकले आणि पूर्वेकडच्या बोर या तांब्याच्या खाणींच्या गावी नातेवाइकांकडे वाढले. पुढे तिघंही बेलग्रेडच्या पार्तिझान क्लबकडून खेळले. थोरला मिलोश असा आघाडीवीर की युरोपियन चषकाच्या पहिल्यावहिल्या सामन्यात, सप्टेंबर १९५५ मध्ये, लिस्बनला त्याने स्पोर्टिंगवर दोन गोल केले आणि बेलग्रेडच्या परतीच्या सामन्यात चार. १९५८ च्या विश्वचषकासाठी युगोस्लाव्हियाने मिलोश आणि मिलोराद या दोघांनाही निवडलं. धाकट्या बोराच्या वाट्याला खेळाडू म्हणून तेवढं यश आलं नाही, पण प्रशिक्षक म्हणून तो जगभर गाजला. मेक्सिको १९८६, कोस्टा रिका १९९०, अमेरिका १९९४, नायजेरिया १९९८ आणि चीन २००२ असे पाच वेगवेगळे देश त्याने पाच विश्वचषकांत उतरवले आणि त्यांतल्या पहिल्या चारांना साखळी फेरी ओलांडून दिली.

हे तीन भाऊ ज्या देशात वाढले तो युगोस्लाव्हिया आज नकाशावर नाही. १९९१ पासून तो फुटत गेला. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झगोव्हिना, मॅसेडोनिया वेगळे झाले, २००६ मध्ये माँटेनेग्रो, २००८ मध्ये कोसोव्हो. लीग मोडली, क्लबांची नावं बदलली, मैदानं असलेल्या शहरांवर तोफा चालल्या. तरीही या भूभागातून उत्तम फुटबॉलपटू येणं थांबलं नाही. जेमतेम ३९ लाख लोकवस्तीचा क्रोएशिया १९९८ मध्ये विश्वचषकात तिसरा, २०१८ मध्ये दुसरा आणि २०२२ मध्ये पुन्हा तिसरा आला. याची कारणं शोधताना लोक प्रशिक्षण पद्धती, तंत्र, चिवट स्वभाव यांबद्दल बोलतात. मला वाटतं, एका कारणाकडे पुरेसं लक्ष जात नाही, ते म्हणजे घर. देशाच्या संस्था कोसळल्या तेव्हा ही कला वडिलांकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे, थोरल्याकडून धाकट्याकडे जात राहिली. बाल्कनमधल्या फुटबॉल कुटुंबांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही, आणि प्रत्येक कुटुंबात त्या भूभागाचा इतिहास दडलेला सापडतो.

युगोस्लाव्हियात खेळाडूला परदेशी क्लबकडे जाण्याची मुभा साधारणपणे वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत नव्हती. याचा परिणाम फार खोल झाला. उमेदीची सगळी वर्षं खेळाडू आपल्याच गावच्या क्लबमध्ये काढायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच मैदानावर, त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार व्हायचा. सारायेवोत १९५८ साली जन्मलेले झ्लात्को आणि झोरान वुयोविच हे जुळे भाऊ हाय्दुक स्प्लिटमध्ये एकत्र वाढले, युगोस्लाव्हियाकडून एकत्र खेळले आणि १९८६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोलाही एकत्रच गेले.

हाच नियम दुसऱ्या अंगानेही काम करत होता. खेळाडू परदेशी निघायचा तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर असायचा, संसार मांडायच्या किंवा मांडलेल्या वयात. त्यामुळे पुढच्या पिढीचं बालपण परक्या शहरांत गेलं. नियम गेला, मग युद्ध आलं, आणि ही स्थलांतरं वाढतच गेली. मोस्तारचा मेहो कोद्रो १९९१ मध्ये वेलेझ क्लब सोडून स्पेनमधल्या रेआल सोसिएदादला गेला आणि तिथून बार्सिलोनाला. त्याचा मुलगा केनान १९९३ साली सान सेबास्तियानमध्ये जन्मला, बास्क क्लबांमध्ये फुटबॉल शिकला आणि राष्ट्रीय संघ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने बोस्निया निवडला. ज्या देशासाठी तो खेळला तो देश त्याच्या वडिलांच्या तरुणपणी स्वतंत्र अस्तित्वातच नव्हता. असं पाहिलं की कळतं, या मुलांची देशाशी ओळख घरातल्या भाषेतून आणि वडिलांच्या आठवणींतून झाली. शाळा, रस्ता, मित्र सगळं दुसऱ्या देशाचं होतं.

बोस्नियातलंच सुशिच कुटुंब यापेक्षा वेगळ्या वाटेने गेलं. साफेत सुशिच हा पॅरिस सें-जर्मेंच्या इतिहासातला थोर खेळाडू. त्याचा भाऊ सेआद बेलग्रेडच्या रेड स्टारकडून खेळला. २०१४ मध्ये बोस्निया पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला तेव्हा प्रशिक्षक होता साफेत, आणि ब्राझीलला नेलेल्या संघात होता सेआदचा मुलगा टिनो-स्वेन, म्हणजे प्रशिक्षकाचा सख्खा पुतण्या.

काकाने पुतण्याला निवडलं तर लोक कुजबुजतात. बापाने मुलाला निवडलं तर ते उघड बोलतात. ही परीक्षा क्रोएशियाच्या क्रान्यचार पितापुत्रांइतकी क्वचितच कुणी दिली असेल. झ्लात्को क्रान्यचार हा झाग्रेबच्या डिनामोचा लाडका आघाडीवीर. १७ ऑक्टोबर १९९० रोजी क्रोएशियाचा संघ अमेरिकेविरुद्ध खेळला तेव्हा त्याचा कर्णधार झ्लात्को होता. क्रोएशिया त्या वेळी अजून स्वतंत्रही झाला नव्हता. त्याचा मुलगा निको काही वर्षं व्हिएन्नात वाढला, कारण वडील तिथल्या रापिडकडून खेळत होते. मग तो डिनामोत आला आणि कोवळ्या वयात कर्णधार झाला. जानेवारी २००५ मध्ये व्यवस्थापनाशी बिनसल्यावर तो थेट हाय्दुक स्प्लिटकडे गेला. झाग्रेब आणि स्प्लिट यांच्यातलं वैर किती टोकाचं आहे हे माहीत असणाऱ्याला या एका बदलीचा अर्थ समजेल. ज्या घराचं नाव डिनामोशी जोडलेलं, त्या घरातला मुलगा शत्रूच्या छावणीत गेला. आणि नेमके त्याच काळात वडील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते.

२००६ च्या विश्वचषकात झ्लात्कोने निकोला मैदानात उतरवलं. वशिलेबाजीचा आरोप झाला, तो होणारच होता. संघ साखळीतच बाद झाला आणि झ्लात्कोचं पद गेलं. पण त्यानंतर काय झालं ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. नवा प्रशिक्षक स्लावेन बिलिचनेही निकोला ठेवलं आणि तो २०१३ पर्यंत देशासाठी खेळत राहिला, ८१ सामने. वडील गेल्यावरही मुलगा टिकला, म्हणजे निवड गुणावरच झाली होती. झ्लात्को २०२१ मध्ये वारला. त्याच्या हयातीत हा आरोप पुरता पुसला गेला की नाही, सांगता येत नाही. पुसला जायला हवा होता.

२००६ च्या त्याच संघाकडे आणखी बारकाईने पाहण्यासारखं आहे. कर्णधार निको कोवाच आणि बचावफळीतला रॉबर्ट कोवाच हे सख्खे भाऊ, दोघंही पश्चिम बर्लिनमध्ये जन्मलेले. त्यांचं मूळ घर बोस्नियातल्या लिव्नो भागातलं. पश्चिम जर्मनी आणि युगोस्लाव्हिया यांच्यात १९६८ मध्ये कामगार करार झाला आणि लाखो युगोस्लाव जर्मनीच्या कारखान्यांत, बांधकामांवर गेले. तिथे त्यांना पाहुणे कामगार म्हणत. थोड्या वर्षांनी परत जातील अशी अपेक्षा होती, पण मुलं तिथेच झाली आणि तिथेच शिकली. अशा बर्लिनी वस्तीतून आलेले हे दोन भाऊ लेव्हरकूसेन आणि बायर्न म्युनिकमध्ये एकत्र खेळले आणि १३ जून २००६ रोजी बर्लिनच्याच ऑलिंपिक स्टेडियमवर ब्राझीलविरुद्ध उतरले, आपल्या जन्मगावी, आईवडिलांच्या देशाच्या लाल-पांढऱ्या चौकटींच्या शर्टात. निकोला दुखापतीमुळे मध्यांतराआधीच बाहेर जावं लागलं.

नऊ दिवसांनी श्टुटगार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना झाला, तो तर स्थलांतराचा नकाशाच होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क विडुका मेलबर्नमधल्या क्रोएशियन कुटुंबातला. क्रोएशियाचा बचावपटू योसिप शिमुनिच कॅनबेरात जन्मलेला. एकाच स्थलांतरितांच्या समाजातून आलेले दोघे दोन शर्टांत. याच सामन्यात इंग्लिश पंच ग्रॅहम पोलने शिमुनिचला तीन वेळा पिवळं कार्ड दाखवलं. सामना २-२ सुटला, क्रोएशिया बाहेर पडला.

कोवाच भावांची गोष्ट तिथे थांबली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये क्रोएशियाच्या प्रशिक्षकपदावरून इगोर स्टिमॅचला जावं लागलं. भारतीय वाचकांना तो २०१९ ते २०२४ या काळातला आपल्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून चांगला ठाऊक आहे. त्याच्या जागी आला निको कोवाच, आणि सहायक म्हणून त्याने रॉबर्टला सोबत घेतलं. पुढे आइन्ट्राख्ट फ्रँकफर्टला २०१८ चा जर्मन चषक आणि बायर्नला २०१९ ची दोन्ही देशी विजेतेपदं मिळाली तेव्हाही बाकावर हे दोघं शेजारी होते. प्रशिक्षकाच्या कामात भरवशाचा माणूस मिळणं सगळ्यात अवघड असतं. निकोला तो घरातच मिळाला.

स्थलांतराने काही भावांना एकत्र ठेवलं आणि काहींना समोरासमोर उभं केलं. कोसोव्होतल्या अल्बेनियन समाजाची कथा दुसऱ्या प्रकारात मोडते. रागिप झाका या तरुणाला १९८६ मध्ये युगोस्लाव्ह सत्तेविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल अटक झाली आणि त्याने सुमारे साडेतीन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर तो पत्नीसह स्वित्झर्लंडला गेला. बाझेलमध्ये त्यांना दोन मुलगे झाले, १९९१ मध्ये ताउलांत आणि १९९२ मध्ये ग्रानित. दोघंही आधी काँकोर्डिया बाझेल आणि मग एफसी बाझेलमध्ये घडले. दोघंही स्वित्झर्लंडच्या युवा संघांतून खेळले. मग वाटा वेगळ्या झाल्या. ग्रानित स्विस राष्ट्रीय संघात गेला, ताउलांतने अल्बेनिया निवडला.

११ जून २०१६ रोजी फ्रान्समधल्या लाँस शहरात युरो स्पर्धेत अल्बेनिया आणि स्वित्झर्लंड भिडले. युरोच्या अंतिम स्पर्धेत दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळण्याची ही पहिलीच वेळ. प्रेक्षकांत त्यांची आई बसली होती, अंगात अर्धा अल्बेनियाचा आणि अर्धा स्वित्झर्लंडचा शर्ट. पाचव्या मिनिटाला फाबियन शेअरने हेडरवर गोल केला आणि तोच निर्णायक ठरला. या सामन्यात भाऊ दोनच होते, पण आप्त किती होते याचा हिशेब करू पाहिला तर थक्क व्हायला होतं. स्विस संघात शाकिरी, बेहरामी, झेमाइली, मेहमेदी हे सगळे अल्बेनियन मुळांचे, आणि अल्बेनियाच्या संघातले अनेक जण स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले किंवा वाढलेले. अल्बेनियाचा कर्णधार लोरिक त्साना, ज्याला त्या दिवशी पूर्वार्धातच लाल कार्ड मिळालं, तोही कोसोव्होतून लहानपणी स्वित्झर्लंडला आलेला. त्याचे वडील आगिम प्रिश्तिनाच्या क्लबचे खेळाडू.

दोन वर्षांनी विश्वचषकात कालिनिनग्रादला सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर ग्रानितने दोन्ही हात छातीवर जोडून अल्बेनियन ध्वजावरचा दुतोंडी गरुड दाखवला. फिफाने त्याला आणि शाकिरीला प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड केला. खेळात राजकारण नको हा नियम म्हणून मला पटतो. पण वडिलांनी ज्या सत्तेच्या तुरुंगात वर्षं काढली तिची राजधानी बेलग्रेड होती हे ठाऊक असलेल्या मुलाने त्या क्षणी हात खिशात ठेवावेत, अशी अपेक्षा करणं मला जमत नाही.

बेरिशा भावांचंही असंच. कोसोव्होतून आलेलं हे अल्बेनियन कुटुंब नॉर्वेतल्या एगरसुंद गावी स्थिरावलं. थोरला वालोन आणि धाकटा वेतोन दोघंही नॉर्वेकडून खेळले. मे २०१६ मध्ये फिफाने कोसोव्होला सदस्यत्व दिलं आणि वालोनने संघ बदलला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी फिनलंडमधल्या तुर्कू इथे कोसोव्हो आपला पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळला. १-१ च्या बरोबरीतला कोसोव्होचा गोल पेनल्टीवर वालोन बेरिशाने केला. धाकटा भाऊ मात्र नॉर्वेचाच राहिला. एका घरात दोन राष्ट्रीय संघ.

आतापर्यंत वडील, काका, भाऊ यांच्याबद्दल बोललो. या घराण्यांत आईचा वाटा असतो, तो सहसा लिहिला जात नाही. युगोस्लाव्हियात रेड स्टार, पार्तिझान ही नुसती फुटबॉल क्लबांची नावं नव्हती. त्या बहुखेळी संस्था होत्या. एकाच नावाखाली फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, सगळे चालायचे. खेळाडूंची लग्नं खेळाडूंशी व्हायची यात नवल नाही. सर्गेइ आणि वान्या मिलिन्कोविच-साविच यांच्या जोडआडनावातच हे दिसतं. वडील निकोला मिलिन्कोविच फुटबॉलपटू, आई मिलाना साविच बास्केटबॉलपटू. वडील स्पेनमध्ये खेळत असताना सर्गेइ येइदामध्ये आणि वान्या ओउरेन्सेमध्ये जन्मला. मधल्या फळीतला सर्गेइ आणि दोन मीटरहून उंच गोलरक्षक वान्या यांच्या देहयष्टीत आईचा खेळ स्पष्ट दिसतो. २०२२ च्या विश्वचषकात कॅमेरूनविरुद्धच्या ३-३ सामन्यात एक भाऊ गोल करत होता आणि दुसरा गोल राखत होता. बल्गेरियाच्या दिमितार बेर्बातोवचे वडील फुटबॉलपटू आणि आई हँडबॉलपटू होती. चेंडू पायावर अलगद घेण्याच्या त्याच्या कौशल्याचं कौतुक करताना लोक वडिलांचं नाव घेतात, आईचं विसरतात.

गोलरक्षकांच्या घराण्यांवर तर स्वतंत्र लेख होईल. बल्गेरियात बिसेर मिहाइलोव, त्याचा मुलगा बोरिस्लाव आणि नातू निकोलाय असे तीन पिढ्यांचे गोलरक्षक सोफियाच्या लेव्स्कीसाठी उभे राहिले. मधला बोरिस्लाव १९९४ मध्ये चौथ्या आलेल्या बल्गेरियाचा कर्णधार होता. स्लोव्हेनियाने २०१० च्या विश्वचषकाला नेलेल्या तीन गोलरक्षकांपैकी दोन, सामिर आणि यास्मिन हान्दानोविच, चुलतभाऊ होते.

रक्ताची नाती झाली, तशी लग्नाने जोडलेलीही आहेत. सर्बियाच्या देयान स्तान्कोविचची पत्नी ही स्लोव्हेनियाच्या मिलेन्को आचिमोविचची बहीण. स्तान्कोविच तीन विश्वचषक खेळला आणि तीनही वेळा देशाचं नाव निराळं होतं. १९९८ मध्ये युगोस्लाव्हिया, २००६ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो, २०१० मध्ये सर्बिया. त्याचे मुलगे फिलिप आणि अलेक्सांदर इटलीत जन्मले, इंटर मिलानच्या अकादमीत घडले. त्यांचा मामा स्लोव्हेनियाचा, तोच ज्याने १९९९ मध्ये युक्रेनविरुद्ध जवळपास मैदानाच्या मध्यावरून गोल मारला होता. शिवाय या प्रदेशात लग्नाचा साक्षीदार आणि मुलाचा धर्मपिता असलेल्या माणसाला कूम म्हणतात, आणि कूमचं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं मानतात. संघात वर्षानुवर्षं एकत्र राहिलेले खेळाडू एकमेकांचे कूम होतात आणि त्यांची मुलं एका घरातल्यासारखी वाढतात.

रुमानियाला बाल्कनमध्ये धरावं की नाही यावर वाद आहे, पण हाजी आणि पोपेस्कू यांना वगळून हा विषय पुरा होणार नाही. ग्योर्गे हाजी आणि ग्योर्गे पोपेस्कू साडू आहेत. दोघांनी तीन विश्वचषक एकत्र खेळले, बार्सिलोनात एक हंगाम एकत्र काढला आणि मग इस्तंबूलच्या गालातासरायमध्ये पुन्हा भेटले. १७ मे २००० रोजी कोपनहेगनला आर्सेनलविरुद्ध युएफा चषकाची अंतिम लढत होती. जादा वेळेत हाजीला लाल कार्ड मिळालं. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला आणि विजयाचा शेवटचा फटका मारला पोपेस्कूने. एक साडू बाहेर गेला, दुसऱ्याने काम तडीस नेलं.

निवृत्तीनंतर हाजीने २००९ मध्ये कॉन्स्टान्सा परिसरात स्वतःच्या पैशाने अकादमी आणि विटोरुल हा क्लब उभारला. पोपेस्कू त्याच्यासोबत होता. १९९८ मध्ये इस्तंबूलला जन्मलेला मुलगा यानिस सोळाव्या वर्षी वरिष्ठ संघात आला आणि लवकरच कर्णधार झाला. मालक, प्रशिक्षक, बाप सगळं एकच माणूस. टीका झाली. पण विटोरुलने २०१७ ची रुमानियन लीग जिंकली तेव्हा यानिस इटलीत फिओरेन्तिनाकडे होता. तो संघ त्याच अकादमीतल्या इतरांच्या मुलांचा होता. आपला मुलगा जिथे घडला त्या अकादमीत हाजीने परक्या मुलांनाही शिकवलं, हे मी त्याच्या कारकिर्दीतलं मोठं काम मानतो.

घरच्या माणसांच्या हाती क्लब गेला की नेहमीच असं होत नाही. डिनामो झाग्रेबवर झ्द्राव्को मामिच याची अनेक वर्षं सत्ता होती. त्याचा भाऊ झोरान १९९८ च्या विश्वचषकातल्या क्रोएशियन संघात होता, पुढे डिनामोचा क्रीडा संचालक आणि प्रशिक्षक झाला. झ्द्राव्कोचा मुलगा खेळाडूंचा एजंट. २०१८ मध्ये ओसियेकच्या न्यायालयाने खेळाडूंच्या विक्रीतून क्लबचे सुमारे ११ कोटी ६० लाख कुना वळवल्याच्या प्रकरणात दोन्ही भावांना दोषी ठरवलं. झ्द्राव्को निकालाआधीच बोस्नियाला निघून गेला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला तेव्हा झोरान डिनामोचा प्रशिक्षक होता. त्याने पद सोडलं. तीनच दिवसांनी, पहिला सामना २-० ने गमावलेल्या डिनामोने टॉटनहॅमला ३-० असं हरवून युरोपा लीगमधून बाहेर काढलं. तिन्ही गोल मिस्लाव ओर्शिचचे. ज्या घट्ट नात्यांनी खेळाडू घडवले त्याच नात्यांनी क्लब पोखरलाही. देशाच्या संस्था कमकुवत असतील तर कुटुंब त्यांची जागा घेतं, मग चांगलं काय आणि वाईट काय हे त्या कुटुंबाच्या चारित्र्यावर सोडलेलं असतं. हे मला फार धोक्याचं वाटतं.

सध्या स्प्लिटच्या वुश्कोविच कुटुंबाकडे लक्ष ठेवण्यासारखं आहे. वडील दानियेल हाय्दुकचे खेळाडू. थोरला मुलगा मारियो हॅम्बुर्गकडून खेळत असताना नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकला. आपण निर्दोष आहोत हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं, पण २०२४ मध्ये क्रीडा लवादाने बंदी चार वर्षांची केली. धाकटा लुका २००७ चा, सोळाव्या वर्षी हाय्दुकच्या वरिष्ठ संघात आला आणि त्याच वर्षी टॉटनहॅमने त्याच्याशी करार केला. २०२५ मध्ये त्याला उसनवारीवर पाठवायचं ठरलं. त्याने हॅम्बुर्ग निवडलं आणि भावाचा ४४ क्रमांक मागून घेतला. मारियोप्रमाणेच तोही मधला बचावपटू आहे.